त्याच जागी पुन्हा गाठ: हार्मोन पॉझिटिव्ह स्तनकर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण होऊन काही वर्षे लोटल्यावर त्याच स्तनात, शस्त्रक्रियेच्या व्रणावर, छातीच्या कातडीखाली किंवा त्याच बाजूच्या काखेत पुन्हा गाठ आढळल्याची पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतील चार पत्रांची उत्तरे या अंकात देत आहे. चारही पत्रांतील आजार ‘हार्मोन पॉझिटिव्ह’ आहे, म्हणजे कर्करोगाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन आणि बहुधा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर (त्यांना पकडणारी प्रथिने) आहेत आणि या संप्रेरकांच्या आधारावर त्या पेशी वाढतात. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. उत्तरे पत्रातील माहितीवर बेतलेली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष तपासून आणि सगळे अहवाल पाहून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय त्यांच्यापेक्षा वरचा मानावा.

प्रश्न: माझ्या आईचे वय ६३ आहे. आठ वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनातील गाठ काढली, स्तन राखला आणि नंतर शेक (किरणोपचार) दिला. काखेतील गाठींत आजार नव्हता. केमो द्यावी लागली नव्हती. पाच वर्षे लेट्रोझोलची (शरीरातील इस्ट्रोजेन घटवणारी) गोळी घेतल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बंद केली. आता वार्षिक मॅमोग्राफीत जुन्या व्रणाजवळ दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. बायॉप्सीत कर्करोग निघाला असून ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन) निगेटिव्ह असा अहवाल आहे. पेट स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. एका डॉक्टरांनी पूर्ण स्तन काढायला सांगितले, दुसऱ्यांनी केमोही घ्यावी लागेल असे म्हटले. आजार पसरला असे समजायचे का? आईच्या आयुष्याचा भरवसा किती? आमच्याकडून काही हयगय झाली का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: तुमच्या आईंचा आजार शरीरात इतरत्र पसरलेला नाही, असे आज हाती असलेल्या अहवालांवरून म्हणता येते. हाडे, यकृत, फुप्फुसे किंवा मेंदू येथे कर्करोग पोहोचतो तेव्हा त्याला चौथी पायरी म्हणतात. त्या अवस्थेत आजार दीर्घकाळ आटोक्यात ठेवणे हे उपचारांचे उद्दिष्ट असते. त्याच स्तनात परत आलेल्या गाठीचा विचार निराळा आहे. तिच्यावरचे उपचार रुग्ण पूर्ण बरी व्हावी याच हेतूने केले जातात, आणि पुष्कळ स्त्रियांमध्ये तो हेतू साध्यही होतो.

आयुष्याच्या भरवशाचा प्रश्न तुम्ही सरळ विचारला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. अशा पुनरुद्भवाचे भवितव्य ठरवणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मधला काळ. पहिल्या दोन वर्षांत परतलेला आजार आक्रमक असण्याचा संभव जास्त असतो, तर पाच वर्षांनंतर परतलेल्या आजाराची चाल बहुधा संथ असते. तुमच्या आईंच्या बाबतीत आठ वर्षे मध्ये गेली आहेत, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे, ती मॅमोग्राफीत सापडली आहे, दोन्ही संप्रेरकांचे रिसेप्टर आहेत आणि पहिल्या वेळी काख स्वच्छ होती. या सर्व जमेच्या बाजू आहेत. इतक्या वर्षांनी आलेली गाठ कधी कधी जुन्या आजाराचा अवशेष नसून त्याच स्तनात नव्याने उद्भवलेला दुसरा कर्करोग असते, आणि अशा गाठीचे भवितव्य खऱ्या पुनरुद्भवापेक्षा चांगले असते. पॅथॉलॉजिस्टना जुन्या गाठीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) आणि काचपट्ट्या नव्या नमुन्याशेजारी ठेवून पाहण्याची विनंती करावी. सर्व वेळा निर्णायक उत्तर मिळत नाही, पण पेशींचा प्रकार किंवा गाठीची जागा वेगळी असेल तर बराच उलगडा होतो.

आकडेवारी हवी असेल तर ‘कॅलर’ या आंतरराष्ट्रीय चाचणीची देता येईल. केवळ स्तन, छाती किंवा काखेच्या परिसरात आजार परतलेल्या आणि शस्त्रक्रियेने तो पूर्ण काढता आलेल्या १६२ स्त्रिया २००३ ते २०१० या काळात तिच्यात सहभागी झाल्या. निम्म्यांना केमो दिली, निम्म्यांना दिली नाही. ज्यांचा आजार हार्मोन पॉझिटिव्ह होता त्या सर्वांना हार्मोनविरोधी औषध द्यावे असे ठरले होते. हार्मोन पॉझिटिव्ह गटात दहा वर्षांनंतर आजार पुन्हा न होता हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण केमो घेतलेल्यांत ५० टक्के आणि न घेतलेल्यांत ५९ टक्के होते. केमो घेणे वाईट ठरले, असा याचा अर्थ काढू नये. संख्या लहान असल्याने हा फरक योगायोगाचा असू शकतो. मात्र केमोमुळे फायदा झाल्याचा पुरावा या गटात मिळाला नाही, हे नक्की. हार्मोन निगेटिव्ह गटात नेमके उलट चित्र होते: तेथे केमो घेतलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के, तर न घेतलेल्यांत केवळ ३४ टक्के होते. हे आकडे सर्व प्रकारच्या रुग्णांचे एकत्रित आहेत हेही ध्यानात ठेवावे. त्यांत लवकर परतलेले आणि पूर्ण स्तन काढल्यानंतर छातीवर आलेले आजारही आहेत, त्यामुळे तुमच्या आईंच्या जमेच्या बाजू पाहता त्यांच्याविषयी सरासरीपेक्षा अधिक आशा बाळगायला जागा आहे.

या आधारावर माझे मत असे की तुमच्या आईंच्या बाबतीत केमोचा आग्रह धरण्यासारखे कारण पत्रात दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात काही अनपेक्षित आढळले, उदाहरणार्थ काखेतील अनेक ग्रंथींत आजार, किंवा हर-टू पॉझिटिव्ह निघाले, तर विचार पुन्हा करावा लागेल. पहिल्या गाठीच्या वेळी केमोची गरज ठरवण्यासाठी ज्या जनुकीय चाचण्या करतात त्या परतलेल्या आजारासाठी पडताळलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांवर मोठा खर्च करण्यापूर्वी निकालाने निर्णय बदलणार आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेबाबत पहिल्या डॉक्टरांचा सल्ला प्रचलित पद्धतीला धरूनच आहे. एकदा स्तन राखून किरणोपचार दिलेल्या स्त्रीत आजार परतला तर पूर्ण स्तन काढणे हा आजही बहुतेक ठिकाणचा मुख्य उपचार आहे. तरीही तो एकमेव मार्ग राहिलेला नाही. अमेरिकेतील एका चाचणीत तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, एकाच जागी असलेली आणि पहिल्या किरणोपचारानंतर वर्षाहून अधिक काळाने आलेली गाठ पुन्हा काढून स्तनाच्या तेवढ्याच भागाला दुसऱ्यांदा किरण दिले. दिवसातून दोनदा, एकूण ३० मात्रांत ४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) असा तो क्रम होता. त्या ५८ स्त्रियांपैकी पाच वर्षांत स्तनात पुन्हा आजार येण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के राहिले. गट लहान होता आणि पाठपुरावा दहा-वीस वर्षांचा नाही. आईंना स्तन राखण्याची मनापासून इच्छा असेल, तर दुसऱ्यांदा किरणोपचार देण्याचा अनुभव असलेल्या केंद्रात विचारून पाहावे. तशी इच्छा नसेल, तर पूर्ण स्तन काढणे हा निर्णय सोपा आणि खात्रीचा आहे. दोहोंपैकी कोणताही पर्याय निवडला तरी शस्त्रक्रियेपूर्वी काखेची सोनोग्राफी व्हायला हवी.

माझ्या मते तुमच्या आईंच्या उपचारांचा खरा कणा गोळी हाच आहे. पत्रात तिच्याविषयी एकही प्रश्न नाही याचे मला नवल वाटले नाही, कारण गोळी हा किरकोळ उपचार आणि केमो हा ‘खरा’ उपचार, असा समज घरोघरी आहे. हार्मोन पॉझिटिव्ह आजारात शस्त्रक्रिया दिसणारी गाठ काढते आणि न दिसणाऱ्या पेशींना गोळी आवर घालते. आईंनी लेट्रोझोल बंद केल्यावर तीन वर्षांनी आजार आला. म्हणजे गोळी चालू असताना आजाराने तिला दाद दिली नाही असे झालेले नाही, आणि याच वर्गातील गोळी पुन्हा सुरू करता येईल. ती निदान पाच वर्षे आणि शक्य झाल्यास त्याहून अधिक काळ घ्यावी लागेल, असे समजून चालावे. या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आधीच करून ठेवावी.

हयगयीबाबत मनातील सल काढून टाकावी. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या आणि वीस वर्षे पाठपुरावा केलेल्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांमध्ये, आणि गाठ काढून किरण दिलेल्यांपैकी १४ टक्क्यांमध्ये त्याच स्तनात आजार परतला. आजच्या तंत्राने आणि औषधांनी हे प्रमाण आणखी खाली आले असले तरी शून्य झालेले नाही. शिवाय हार्मोन पॉझिटिव्ह आजाराचा स्वभावच उशिरा डोके वर काढण्याचा आहे. पाच वर्षे गोळी घेऊन तोवर आजारमुक्त राहिलेल्या ६२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. त्यांतील सर्वांत सुरक्षित गटात, म्हणजे गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काख स्वच्छ असलेल्यांतसुद्धा, पुढच्या पंधरा वर्षांत दूरच्या अवयवात आजार दिसण्याचे प्रमाण १३ टक्के होते. तुम्ही दर वर्षी मॅमोग्राफी चुकवली नाही म्हणूनच ही गाठ दीड सेंटिमीटरची असताना हाती लागली.

प्रश्न: माझे वय ४२ आहे. तीन वर्षांपूर्वी उजवा स्तन पूर्ण काढला. काखेतील दोन गाठींत आजार होता. केमो झाली, परंतु घरच्या अडचणींमुळे शेक घेता आला नाही. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनची क्रिया अडवणारी गोळी) सुरू आहे. मध्ये काही महिने ती सुटली होती. आता टाक्यांच्या रेषेवर हरभऱ्याएवढ्या दोन गाठी हाताला लागतात. डॉक्टर सुईने तुकडा काढून तपासू म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे, सुई लावली की आजार चवताळतो. डॉक्टरांनी अंडाशय काढण्याचेही सुचवले आहे. केमोपासून माझी पाळी बंदच आहे, मग अंडाशय कशाला काढायचे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, परंतु सुईने तुकडा घेतल्यामुळे आजार शरीरात पसरून आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. उलट तपासणी न करता उपचार सुरू करणे येथे धोक्याचे ठरेल. टाक्यांच्या जागी गाठ लागली म्हणजे कर्करोगच परतला असे नसते. टाक्याच्या धाग्याभोवती झालेली सूज किंवा मृत झालेली चरबीही हाताला अगदी तशीच लागते. आणि कर्करोग असलाच, तरी तो तीन वर्षांपूर्वीच्या गुणधर्मांचाच आहे हे गृहीत धरता येत नाही. परतलेल्या आजारात इस्ट्रोजेन रिसेप्टर नाहीसा झालेला, किंवा हर-टू निगेटिव्हचे पॉझिटिव्ह झालेले, असे काही रुग्णांत आढळते, आणि त्यावर संपूर्ण उपचार फिरतो. बारीक सुईने पेशी शोषून घेणारी एफएनएसी या कामाला पुरत नाही. जाड सुईची कोअर बायॉप्सी किंवा गाठच काढून केलेली तपासणी हवी. नमुना दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवला जाणार असेल तर तो लगेच फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) ठेवला जाईल याची खात्री करून घ्यावी. उशीर झाला तर रिसेप्टरचा निकाल चुकीचा येऊ शकतो.

गाठी कर्करोगाच्या निघाल्या तर पुढचे पाऊल म्हणजे पेट स्कॅन, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन. स्तन काढल्यानंतर छातीवर परतलेल्या आजारात त्याच वेळी दुसरीकडेही आजार सापडण्याची शक्यता, राखलेल्या स्तनात आलेल्या गाठीपेक्षा जास्त असते. इतरत्र काही नसेल तर गाठी भोवतालच्या निरोगी भागासह काढाव्या लागतील. त्यानंतर किरणोपचार मात्र टाळू नयेत. पहिल्या वेळी ते झालेले नाहीत, ही गोष्ट आता उपयोगी पडणार आहे, कारण संपूर्ण छातीची भिंत आणि गळपट्टीच्या हाडाभोवतीचा भाग यांना पूर्ण मात्रा देता येईल. केवळ गाठी खुडून काढल्या आणि किरण दिले नाहीत तर आजूबाजूला पुन्हा गाठी येण्याचा संभव मोठा असतो. घरची अडचण अजूनही असेल तर ती रेडिएशन विभागात मोकळेपणाने सांगावी. छातीच्या किरणोपचारासाठी पूर्वी पाच आठवडे लागत, आता पुष्कळ रुग्णांना तीन आठवड्यांचा क्रम देता येतो.

आता अंडाशयांविषयी. पाळी थांबली म्हणजे अंडाशय थांबले, असे चाळिशीतील स्त्रीबाबत धरून चालत नाही. केमोनंतर अनेकींची पाळी बंद होते, तरी अंडाशय थोडेफार इस्ट्रोजेन तयार करत राहतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, पूर्ववत जागे होतात. तुमच्यावर टॅमॉक्सिफेनचा उपचार चालू असताना आजार आला आहे, त्यामुळे औषधाचा वर्ग बदलून लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन यांपैकी एक द्यावे लागेल. या गोळ्या अंडाशयांतील इस्ट्रोजेन रोखू शकत नाहीत. त्या शरीराच्या इतर भागांत, मुख्यतः चरबीत तयार होणारे इस्ट्रोजेन रोखतात. अंडाशय कार्यरत असताना ही गोळी एकटी दिली तर मेंदूकडून अंडाशयांना उलट अधिक चालना मिळते, आणि गोळी घेऊनही शरीरातील इस्ट्रोजेन वाढते. ही चूक प्रत्यक्षात घडते, म्हणून डॉक्टरांच्या सूचनेला महत्त्व आहे.

अंडाशय बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी, तारीख न चुकवता घेणे हा एक, आणि दुर्बिणीतून अंडाशय काढणे हा दुसरा. इंजेक्शन थांबवता येते, म्हणून पुढे मूल हवे असणाऱ्या किंवा निर्णयाला वेळ हवा असलेल्या स्त्रियांनी आधी तो मार्ग घ्यावा. ज्यांचे कुटुंब पूर्ण आहे आणि दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी येणे अवघड आहे, त्यांना शस्त्रक्रिया सोयीची पडते. अंगातून गरम वाफा येणे, झोप मोडणे, योनीचा कोरडेपणा आणि हाडे ठिसूळ होणे हे त्रास दोन्ही मार्गांत होतात, आणि त्यांवर इलाज आहेत. जाता जाता सांगायचे तर हा उपचार नवा नाही. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी पुढच्या अवस्थेतील स्तनकर्करोगाच्या स्त्रीचे अंडाशय काढल्यावर आजार मागे हटल्याचे १८९६ मध्येच नोंदवले होते, आणि तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कुणाला ठाऊक नव्हते.

गोळी सुटल्याचे तुम्ही पत्रात मोकळेपणाने लिहिले, तसेच ते डॉक्टरांनाही सांगा. त्यात संकोच नको. गोळी रोज पोटात जात असूनही आजार आला की गोळी बंद असताना आला, या दोन गोष्टींचा अर्थ वेगवेगळा आहे. पहिल्यात त्या औषधाला आजार जुमानत नाही असे मानावे लागते, दुसऱ्यात तसे मानता येत नाही. रुग्णाने लपवलेल्या खंडामुळे चांगले औषध निष्फळ म्हणून बाद झाल्याची उदाहरणे आम्ही पाहतो.

पहिल्या पत्रातील केमोविषयीचे माझे मत तुमच्या बाबतीत जसेच्या तसे लागू करू नका. वय कमी, मधला काळ लहान आणि काखेत आजार असल्याचा पूर्वेतिहास पाहता तुमचे डॉक्टर केमो सुचवू शकतात, आणि रिसेप्टरचा नवा अहवाल आल्यावरच त्याचे उत्तर ठरेल. आणखी एक तपासणी तुमच्यासाठी आवश्यक वाटते: ऐन चाळिशीच्या आत पहिला आजार झाला असल्याने बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या (दोष असल्यास स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या) जनुकांची रक्ततपासणी अजून झाली नसेल तर ती करावी. तिच्या निकालावर दुसऱ्या स्तनाविषयीचा, अंडाशयांविषयीचा आणि औषधांचाही निर्णय अवलंबून राहील. शिवाय तुमच्या सख्ख्या भावंडांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न: वय ५८. छातीवर परतलेली गाठ काढून आणि शेक घेऊन मला एक वर्ष झाले. अनास्ट्रोझोल सुरू आहे. सकाळी हाताची मूठ वळत नाही, गुडघे धरतात, जिना उतरताना कठडा सोडता येत नाही. ही गोळी थांबवून हळदीच्या कॅप्सूल आणि शतावरी घ्यावी का? दुधाऐवजी सोयाबीनचे दूध घेणे योग्य आहे का? दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करण्याचा माझ्या मुलाचा आग्रह आहे, तो बरोबर आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमचे दुखणे खरे आहे आणि ते गोळीमुळेच असण्याची शक्यता मोठी आहे. या वर्गातील गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या अशी तक्रार करतात, आणि दुर्दैवाने अनेक जणी डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करून मोकळ्या होतात. तुम्ही विचारलेत हे बरे केलेत. पहिला उपाय नियमित व्यायामाचा आहे. रोजचे चालणे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम केल्यास वेदना कमी होतात, हे चाचण्यांत दिसले आहे; सुरुवातीचे दोन आठवडे दुखणे वाढल्यासारखे वाटेल. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून कमतरता असल्यास ती भरून काढावी. ड्युलोक्सेटिन हे औषध काहींना चांगले लागू पडते. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी दोन-तीन आठवडे थांबवून त्याच वर्गातील दुसरी गोळी सुरू करता येते. अनास्ट्रोझोल न सोसणाऱ्या अनेक स्त्रियांना लेट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन सोसते. अशा छोट्या खंडाची भीती बाळगू नये. काखेत आजार असलेल्या आणि पाच वर्षांचा पहिला उपचार संपवलेल्या स्त्रियांवरील ‘सोल’ या चाचणीत दर वर्षी तीन महिने लेट्रोझोल थांबवणाऱ्यांचे निष्कर्ष अखंड घेणाऱ्यांपेक्षा उणे ठरले नाहीत. त्या स्त्रियांचा आजार परतलेला नव्हता, म्हणून तो वेळापत्रकाचा नमुना तुम्ही उचलू नये. नियोजित अल्पविरामाने अनर्थ होत नाही, एवढाच धीर त्यातून घ्यावा.

आमटी-भाजीतील हळद बिनघोर खावी. कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे. हळदीच्या अर्काबरोबर मिरीचा अर्क घेतल्यावर टॅमॉक्सिफेनचे रक्तातील सक्रिय रूप कमी झाल्याचे नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात आढळले. तुम्ही टॅमॉक्सिफेन घेत नसला तरी पुढे औषध बदलावे लागले तर हे लक्षात असू द्या. शतावरी आणि ज्येष्ठमध यांत इस्ट्रोजेनसारखी क्रिया करणारी द्रव्ये आहेत, आणि ज्या संप्रेरकाचा पुरवठा तोडण्यासाठी तुम्ही इतका त्रास सोसत आहात त्याची नक्कल करणारे काही औषधी मात्रेत घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. सोयाबीनबाबत गैरसमज उलट दिशेने आहे: आहारातील सोयामुळे स्तनकर्करोग परतण्याचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही. आवडत असेल तर सोयाबीनचे दूध घ्यावे, परंतु साधे दूध सोडण्याचेही कारण नाही; तुमच्या हाडांना कॅल्शियमची गरज आहे.

पेट स्कॅनविषयी तुमच्या चिरंजीवांना सांगा की त्यांची काळजी रास्त असली तरी उपाय योग्य नाही. काही त्रास नसताना ठरावीक काळाने स्कॅन आणि रक्तातील मार्कर (कर्करोगाची चाहूल देणारे घटक) तपासत राहिल्याने आयुष्य वाढते का, हे इटलीतील दोन मोठ्या चाचण्यांनी पाहिले होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तसा लाभ आढळला नाही. त्या वेळी आजचे स्कॅन नव्हते हा आक्षेप खरा आहे, तरी आजही नियमावल्या लक्षणे नसताना पेट स्कॅन सुचवत नाहीत. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी हाताने तपासणी आणि दुसऱ्या स्तनाची वार्षिक मॅमोग्राफी पुरेशी आहे. आठवडे उलटले तरी न थांबणारे हाडांचे दुखणे, कोरडा खोकला, धाप, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा व्रणाजवळ लागलेली नवी गाठ यांसाठी मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

प्रश्न: माझ्या आईचे वय ७१ आहे. सहा वर्षांपूर्वी स्तन काढला होता. आता छातीवर कातडीला चिकटलेल्या गाठी पसरल्या आहेत, एक ठिकाण चिघळले आहे, आणि त्याच बाजूला गळ्याच्या हाडावरही गाठ आहे. ईआर पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया होणार नाही असे सांगून केवळ गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी हात टेकले असे समजावे का? महागड्या गोळीचा खर्च आमच्याने होईल असे वाटत नाही.
— एक वाचक, लातूर

उत्तर: डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत. आज लगेच शस्त्रक्रिया केली तर चिघळलेल्या कातडीच्या कडेला आजार मागे राहील आणि जखम भरणार नाही, म्हणून त्यांनी आधी औषधाने आजार मागे हटवण्याचा मार्ग घेतला आहे, असे पत्रावरून दिसते. गळ्याच्या हाडावरील त्याच बाजूची गाठ पूर्वी चौथ्या पायरीत मोजली जाई. २००३ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तिची गणना स्थानिक परिसरातील ग्रंथींमध्ये होते, आणि इतर अवयव स्वच्छ असतील तर उपचारही त्या हिशेबाने आखले जातात. पेट स्कॅन किंवा सीटी झाला आहे का हे पत्रात नाही. झाला नसेल तर करून घ्यावा.

महागडी गोळी म्हणजे पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब यांपैकी एक असावी. त्या पेशींच्या विभाजनाला चालना देणाऱ्या सीडीके-४ आणि ६ या घटकांना अडवतात, आणि त्यांचा वापर शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या परतलेल्या आजारात तसेच पसरलेल्या आजारात होतो. एका चाचणीत केवळ लेट्रोझोलने आजार सरासरी साडेचौदा महिने आटोक्यात राहिला, तर पाल्बोसिक्लिब जोडल्यावर जवळजवळ पंचवीस महिने. दुसऱ्या चाचणीत रायबोसिक्लिब जोडल्याने सरासरी आयुष्य ५१ महिन्यांवरून ६४ महिन्यांवर गेले. हे मधल्या रुग्णाचे आकडे आहेत: निम्म्या स्त्रिया त्याहून अधिक काळ राहिल्या. शिवाय या चाचण्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा आजार दूरच्या अवयवांत पोहोचलेला होता. गाठी पुरेशा मागे हटल्या तर काही रुग्णांत पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार शक्य होतात, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी शल्यचिकित्सकांना पुन्हा दाखवावे.

खर्चाचे म्हणाल, तर २०२३ च्या सुरुवातीला पाल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट संपले आणि अनेक देशी कंपन्यांनी ते बरेच स्वस्त दरात बाजारात आणले. डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडची किंमत पाहून घरी परतू नका. हेच औषध दुसऱ्या कंपनीचे कितीला मिळते ते त्यांनाच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय समाविष्ट असेल तर तेथील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जावे आणि शस्त्रक्रिया, किरण व औषधे यांपैकी कशाला मंजुरी मिळते ते लेखी विचारून घ्यावे. एवढे करूनही महागडी गोळी परवडली नाही, तर केवळ लेट्रोझोलही या वयात प्रभावी आहे. दोन औषधे जमत नाहीत म्हणून एकही न घेणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरेल.

चिघळलेल्या जागेला दुर्गंधी येत असेल तर मेट्रोनिडाझोलचे जेल लावण्याविषयी विचारावे आणि जखम सलाइनने धुऊन न चिकटणारी पट्टी बांधावी. राख, हळद किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. रक्तस्राव किंवा वेदना फार असतील तर त्या जागेपुरते थोड्या मात्रांचे किरण देता येतात, अगदी पूर्वी किरण झालेले असले तरी. पाल्बोसिक्लिब तीन आठवडे घेऊन एक आठवडा थांबायचे असते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला रक्तपेशींची तपासणी लागते, आणि ती लातूरमध्येच करून अहवाल फोनवरून डॉक्टरांना कळवता येईल. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.